रिकाम्या ट्रेलरखालची सावली

विल्होळीच्या पुढे, मुंबईकडे जाताना, हायवेला लागूनच आमच्या कंपनीचं यार्ड होतं. मुरूम टाकून सपाट केलेलं मोठं मैदान, चारी बाजूंनी भिंत, एक लोखंडी फाटक आणि फाटकाशेजारी पत्र्याचं ऑफिस. आत झाड म्हणून एकही नव्हतं. उन्हाळ्यात सावली असायची ती फक्त उभ्या ट्रेलरांच्या पोटाखाली.

मी मूळचा नांदगाव तालुक्यातला. बायको आणि मुलगी घेऊन अंबडला भाड्याच्या खोलीत राहायचो आणि या कंपनीत गाडी चालवायचो. आमच्या गाडीचे दोन भाग असतात. पुढचा, केबिन आणि इंजिनाचा, त्याला आम्ही घोडा म्हणतो. मागचा लांब डबा म्हणजे ट्रेलर. घोडा ज्याचा त्याच्या नावावर असतो, ट्रेलर कुणाच्याच नावावर नसतो. भरलेला ट्रेलर यार्डात आणून सोडायचा, रिकामा जोडायचा, तो घेऊन सिन्नरला नाहीतर गोंद्याला कारखान्यात भरायला जायचं, असं चक्र. रिकामा मिळाला तर फेरी, फेरी झाली तर पगार. यार्डात बसून राहिलेला दिवस आमच्या हिशेबात धरला जात नसे.

सुरुवातीला यात काही वाटायचं नाही. ट्रेलर भरपूर होते. आम्ही फिरून टायर बघायचो, मागचे लाईट लागतात का बघायचो, आवडला तो जोडायचो. आमच्यात एक वयाने मोठे ड्रायव्हर होते, लासलगावच्या बाजूचे. सगळे त्यांना मामा म्हणत. उंच, हडकुळे, दाढी कायम दोन दिवसांची. ते ट्रेलर निवडायला इतका वेळ लावायचे की आम्ही चहा संपवून परत यायचो तरी ते टायरवर लाथा मारत फिरत असायचे. "मामा, बायको बघायला आलाय का?" असं कुणी ओरडलं की म्हणायचे, "बायको बघताना बी येवढा वेळ नव्हता घेतला, म्हणून तर आता घेतोय."

मग कंपनीने घोडे वाढवले. नवीन घोडे आले, नवीन ड्रायव्हर आले, ट्रेलर मात्र तेवढेच राहिले. त्यातच मार्च आला. कारखान्यांची गोदामं भरली, आणि त्यांनी आमचे ट्रेलर माल भरून आपल्याच आवारात उभे करून ठेवले, गोदामासारखे. आठवडा आठवडा ते सुटेनात. यार्डात सकाळी गेलं की मैदान मोकळं. घोडे मात्र रांगेने उभे, मान कापल्यासारखे, मागे काही नसलेले.

पहिल्यांदा काहीतरी बिघडल्याचं माझ्या लक्षात आलं ते एका सकाळी. एका ड्रायव्हरने रिकामा ट्रेलर आणून कोपऱ्यात सोडला. दोन घोडे एकदमच त्याच्याकडे मागे आले. कुणीच थांबेना. मधे हाताएवढी जागा राहिली तेव्हा एकाने ब्रेक मारला आणि हातात पाना घेऊन खाली उतरला. दुसराही उतरला. दोघांनी गेल्याच आठवड्यात एका ताटात भाकरी खाल्ली होती. मामांनी मधे पडून दोघांना बाजूला केलं. पाना मामांच्या दंडाला लागला, काळानिळा वळ कितीतरी दिवस होता.

त्या दुपारी मामांनी सगळ्यांना जमवलं. म्हणाले, "जनावरासारखं करू नका. ज्याला ट्रेलर पाह्यजे त्यानं आपला गमछा त्याच्या हँडलला बांधायचा. गमछा दिसला की दुसऱ्यानं हात लावायचा नाय. बास."

हँडल म्हणजे ट्रेलरचे पुढचे लोखंडी पाय वरखाली करायचं हँडल. ट्रेलर घोड्यापासून सुटला की त्याच पायांवर उभा राहतो. गमछ्याची पद्धत सगळ्यांना पटली. पंधरा-वीस दिवस नीट चाललीही. लांबून बघितलं की प्रत्येक रिकाम्या ट्रेलरच्या पायाशी एक लाल, निळा नाहीतर चौकटीचा गमछा फडफडताना दिसायचा.

पण मग लोक दोन दोन गमछे बाळगायला लागले. आपला घोडा अजून इगतपुरीला असतानाच यार्डातल्या ओळखीच्या माणसाला फोन करून गमछा बांधून घ्यायला लागले. बांधून घरी जाऊन झोपायला लागले. त्यामुळे गमछा दिसला तरी मालक कुठे आहे कळेना. कुणीतरी एकाचा गमछा सोडून भिंतीपलीकडे फेकला. दुसऱ्या दिवशी, ज्याच्यावर संशय होता त्याने धरलेल्या ट्रेलरचा हवेचा पाइप कापलेला मिळाला. हवेशिवाय ट्रेलरचे ब्रेक सुटत नाहीत, तो जागचा हलत नाही. सगळे नुसते उभे होते आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या हाताकडे बघत होता.

आम्ही काही जण सुपरवायझरकडे गेलो. शहरातला माणूस, वाईट नव्हता. कानाला एक फोन, समोर दुसरा वाजतोय.

"साहेब, ट्रेलर वाटून द्या," मामा म्हणाले. "नंबर लावा. ह्याच्यात एक दिवस कुणाचं तरी डोकं फुटंल."

"मामा, मी नंबर लावला आणि नंबरवाला वेळेत आला नाही तर गाडी थांबते. गाडी थांबली की वरून मला शिव्या. जो आधी जोडेल तो जाईल, असं वरूनच सांगितलंय. ते तुमचं तुम्ही बघा ना. मला गाडी फाटकाबाहेर पाहिजे."

बाहेर आल्यावर मामा पत्र्याला टेकून थोडा वेळ उभे राहिले. मला म्हणाले, "तू बघितलं का, आता कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नाय. यार्डात आलं की सगळ्यांची नजर खाली, पायाकडं. ट्रेलरच्या."

ते खरं होतं. मला स्वतःला ते घरी जाणवायला लागलं होतं. एकदा जेवताना बायको म्हणाली, "अहो, तुम्ही सारखं दाराकडे का बघता? कुणी येणारे का?" रस्त्यावर एखाद्या गाडीचा रिव्हर्सचा आवाज आला की माझा घास थांबायचा. मुलगी मांडीवर येऊन बसली तरी मी मनात भिंतीकडचा एखादा ट्रेलर उद्या सुटेल का, असंच घोळवत असायचो.

मग एप्रिलमध्ये लोक ट्रेलरखाली झोपायला लागले.

कुणी सुरू केलं माहीत नाही. भरायची वेळ ठरल्याशिवाय ट्रेलर घोड्याला जोडून ठेवू देत नसत, गमछ्यावर विश्वास राहिला नव्हता, आणि ऊन असं की केबिनमध्ये बसवत नसे. मागच्या चाकांच्या पुढे, ट्रेलरच्या पोटाखाली गार सावली असायची. तिथे पोतं अंथरायचं आणि पडायचं. सावलीही मिळते आणि ट्रेलरही राखला जातो. माणूस खाली झोपलाय म्हटल्यावर कोण ओढून नेणार? दुपारी यार्डात शिरलं की ट्रेलरांच्या खालून पाय बाहेर आलेले दिसायचे. चपला काढून ठेवलेल्या. एखाद्या अपघाताच्या जागी चादरीखालून दिसतात तसे ते पाय दिसत होते. पण हे पाय मधूनच माशी उडवायला हलायचे.

मी मामांना म्हटलं, "मामा, हे काय खरं नाय."

"खरं काहीच नाय," ते म्हणाले. "पण परवापासून माझी एकबी फेरी झाली नाय. तू शेजारच्या खाली पड. दोघं असलो म्हंजे एक झोपंल, एक जागा राहील."

मग आम्ही तसंच करायला लागलो. शेजारी शेजारी दोन रिकामे ट्रेलर मिळाले की एकाखाली ते, एकाखाली मी. पण कारखान्यातून भरायची वेळ कळेपर्यंत तसंच पडून राहावं लागे, आणि पहाटेपासून जागलेल्या माणसाला सावलीत डोळा लागणारच. जागं राहायचं ठरवलेलं असून दोघंही झोपायचो.

त्या दिवशी ऊन फार होतं. मामा माझ्या उजव्या हाताच्या ट्रेलरखाली होते. त्यांनी सवयीने आपला चौकटीचा गमछाही हँडलला बांधला होता. पुढचं मला तुकड्या तुकड्यांत आठवतं. मी अर्धवट झोपेत होतो. कुठेतरी घोडा मागे येत असल्याचा आवाज झाला, मग लोखंडावर लोखंड बसल्याचा तो ओळखीचा धक्का. तो आवाज दिवसातून कितीदा तरी ऐकायचो, त्याने जाग येत नसे. मग हवा भरल्याचा लांब फुसकारा झाला, आणि मी डोळे उघडले. आडवा पडूनच उजवीकडे बघितलं. शेजारच्या ट्रेलरचे लोखंडी पाय जमिनीवरून वर गेलेले होते. मामांचा गमछा खाली धुळीत पडलेला. आणि मामा कुशीवर झोपलेले, पाठ माझ्याकडे, एक पाय मागच्या चाकाच्या वाटेत लांब पसरलेला.

"मामा!" मी ओरडलो.

ते खडबडून उठले, डोकं वर पोलादाला आपटलं. त्यांना काय चाललंय ते कळायच्या आत ट्रेलर सरकला. ते हातांवर माझ्याकडे लोळले. अंग बाहेर आलं, डावा पाय आला नाही.

जो आवाज मी ऐकला तो इथे लिहीत नाही.

मी पळत पुढे गेलो आणि केबिनच्या दारावर दोन्ही हातांनी मारायला लागलो. आत एक तरणा ड्रायव्हर होता, सुरगाण्याकडचा, कंपनीत नवीनच आलेला. त्याने ब्रेक मारला. माझं तोंड बघून त्याला कळलं, आणि घाबरून त्याने रिव्हर्स टाकला. त्याला वाटलं, मागे घेतलं की सुटेल.

"मागं घेऊ नको! हलू नको! बंद कर!" मी इतक्या जोराने ओरडलो की माझाच घसा फाटला. एक चाक मामांच्या पायावरून पुढे गेलं होतं आणि त्यामागचं त्यांच्या पोटरीला टेकून थांबलं होतं. मागे घेतलं असतं तर पुढचं परत आलं असतं. त्याने चावी काढली. ती त्याच्या हातातून खाली पडली, आणि तो ती उचलायला म्हणून वाकला तो वाकूनच राहिला.

आम्ही चौघापाचांनी मामांना बाहेर काढलं. मी माझ्या गमछ्याने मांडी आवळून बांधली. मामा शुद्धीवर होते. त्यांनी माझं मनगट धरलं होतं. अँब्युलन्स येईना, म्हणून सुपरवायझरने आपली गाडी काढली. मागच्या सीटवर मामांचं डोकं माझ्या मांडीवर. गाडी तो स्वतः चालवत होता आणि सगळ्या वाटेत एकच बोलत होता, "होईल नीट, होईल नीट." त्याचा फोन वाजत राहिला. त्याने उचलला नाही. त्या माणसाला मी फोन न उचलताना तेवढंच एकदा बघितलं.

हॉस्पिटलमध्ये मामांना आत नेलं. त्यांच्या घरी मी फोन केला. सही करायला त्यांचा मुलगा पोहोचला, तेव्हा मी कपडे बदलायला म्हणून यार्डात परत आलो. पोलीस येऊन गेले होते, त्या तरण्या ड्रायव्हरला बरोबर नेलं होतं. तो ट्रेलर तिथेच होता, त्याच्या घोड्याला जोडलेला. आजूबाजूला बरेच ड्रायव्हर उभे होते. त्यातला एक माझ्याजवळ आला. माझ्या शर्टावर मामांचं रक्त होतं. तो हळू आवाजात म्हणाला, "हा आता कुणाचा?"

मला आधी कळलंच नाही तो काय विचारतोय.

"नाय म्हंजे, माझी लोडिंग आजचीच हाय," तो म्हणाला.

कुणीतरी त्याला शिवी दिली. दुसऱ्याने त्याची कॉलर धरली. पण मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि मला दिसलं की तो प्रश्न त्याच्या एकट्याच्या मनात नव्हता. त्याने तो फक्त तोंडाने विचारला होता. दुसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा ती जागा मोकळी होती. खाली ताजा मुरूम पसरून पाणी मारलेलं होतं. ट्रेलर कुणी नेला ते मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

मामांचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

यार्डात मग भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं गेलं की ट्रेलरखाली झोपण्यास सक्त मनाई आहे. शिट्टीवाला एक गार्ड ठेवला. तो दुपारी काठी आपटत फिरायचा आणि खाली कुणी दिसला की उठवायचा. सावली गेली, म्हणून आम्ही घोडे घेऊन फाटकाबाहेर उन्हात उभे राहायला लागलो. आतून ट्रेलर सुटल्याचा आवाज आला की सगळे घोडे एकदम चालू व्हायचे. ते एकदम चालू होणं मला अजून ऐकू येतं. त्यात कुणी हॉर्न देत नसे.

पावसाळ्याआधी तो सुरगाण्याचा ड्रायव्हर मला सीबीएस बसस्टँडवर भेटला. जामिनावर सुटला होता. आधी चालतच राहिला, मग मागे फिरून आला.

"दादा, मामांकडं जायचंय," तो म्हणाला. "एकट्याला हिंमत होत नाय. तुम्ही याल?"

आम्ही लासलगावच्या एसटीत बसलो. वाटेत तो एकदाच बोलला. "गमछा व्हता. पण रोजच असतो ना दादा. गमछा असतो, माणूस नसतो. खाली अंधार दिसत व्हता. उन्हातून खाली बघितलं तर काय दिसतंय? मला ठावं नव्हतं." मग त्याने खिडकीच्या गजाला कपाळ टेकवलं. त्याला लहान मुलगी आहे, एवढंच मला त्याआधी माहीत होतं.

मामा घराच्या ओट्यावर खाटेवर बसले होते. दाढी पूर्ण वाढलेली. मामींनी मला ओळखलं, त्याला नाही. पाणी आणून दिलं. तो पाण्याचा तांब्या हातात धरून ओट्याखालीच उभा राहिला. मी काही बोलायच्या आत मामाच म्हणाले, "तोच का रे हा?"

मी मान हलवली. मामी त्याच्याकडे बघत होत्या आणि मला वाटलं आता त्या आरडाओरडा करतील, गल्ली जमा होईल. त्या इतकंच म्हणाल्या, "त्या ट्रेलरखाली माणूस झोपलाय का म्हणून वाकून बघायला कितीसा येळ लागतो रं बाबा?"

तो खाली बसला आणि रडायला लागला. मामींनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. मामा खाटेवर थोडे बाजूला सरकले. मग म्हणाले, "वर ये. उन्हात बसू नको."

तो वर आला. मामांनी त्याला विचारलं, "गाडी कुणाच्या हातात दिली तुझी?"

"सोडली मामा. परत नाय धरणार."

"मग काय करतो?"

"गावाला. जे मिळंल ते."

मामांनी खाटेवरच्या चादरीची सुरकुती हाताने सारखी केली, जिथे पाय असायला हवा होता तिथली. "माझा पाय गेला, तुझी गाडी गेली," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "अन् तिकडं काय झालं? ट्रेलर आणले का नवीन?"

मी खोटं बोलणार होतो. जमलं नाही.

"नाय मामा. घोडे आणलेत अजून."

मामा हसले. मला त्यांचं ते हसणं आवडलं नाही. त्यांच्यासारखं वाटलंच नाही. "तू सोड," ते म्हणाले. "मी काय म्हणतोय ऐकलं का? तुझ्या पोरीची शपथ घालत नाय, पण सोड."

मी नोकरी लगेच सोडली नाही. घरभाडं होतं, मुलीची शाळा होती, दुसरीकडे नीट काही हाताला लागत नव्हतं. पावसाळाभर तिथेच गेलो. रोज फाटकाबाहेर उभा राहायचो. घरून निघताना बायको दारात येऊन उभी राहायची, पूर्वी येत नसे. मी जिना उतरेपर्यंत थांबायची. शेवटी दिवाळीच्या सुमाराला सातपूरच्या एका कारखान्याची स्वतःची गाडी मिळाली, एकसंध ट्रक, मागे काही जोडायचं नाही आणि सोडायचं नाही.

मी यार्डात चावी द्यायला गेलो. सुपरवायझर म्हणाला, "जाताय? बरं आहे." तो आणखी काहीतरी बोलणार होता, पण फोन वाजला आणि त्याने तो उचलला. बोलता बोलताच माझी चावी उचलून माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाला दिली. मी मागे वळलो. तिशीचा असेल. नवीन चेहरा, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, पहिला दिवस. त्याने मला नमस्कार केला आणि बाहेर येईपर्यंत माझ्या बरोबरीने चालत राहिला.

"दादा, आत येताना रिकामा कुठला दिसला का?" त्याने विचारलं.

"भिंतीकडं एक आहे," मी म्हणालो. "पण ऐक, ओढायच्या आधी खाली वाकून..."

तो तोवर पळायला लागला होता. फाटकाबाहेरचे घोडे एकामागून एक चालू होत होते.